फॉल न लावलेल्या साड्या

"मग काय करू तिचं? जाळू का वन्सं?"

"जाळू नका. धूर लई काळा निघंल."

"पोराच्या लग्नादिवशी मला असली उत्तरं द्यायलाव तुमी."

"अन् तुमी मला असली साडी द्यायलाव. फिटली की."

मुरूमच्या मंगल कार्यालयात वरपक्षाच्या खोलीचं दार लोटून दोघी समोरासमोर उभ्या होत्या. साडी देणारी महेश्वरी, नवरदेवाची आई. साडी न घेणारी शिवकांता, नवरदेवाची एकुलती एक आत्या, सकाळच्या एसटीनं जळकोटहून आलेली. दोघींच्या मध्ये गादीवर ती साडी पडली होती. रंग ना धड राणी, ना धड जांभळा. दोन रंगांचं भांडण लागावं आणि सोडवायला कुणी येऊ नये, तसा. अंगभर टिकल्या. काठ असा खरबरीत की त्यावर खोबरं किसून घ्यावं.

त्या घराण्यातली रीत साधी होती. भाच्याच्या लग्नात आत्याला माहेरची साडी मिळते. ती तिनं तिथल्या तिथं नेसायची, तीच नेसून मांडवात यायचं आणि मग नवरदेवाला ओवाळायचं. नेसलेली दिसली की मांडवातल्या सगळ्यांना न सांगता कळतं, या बाईला माहेर आहे. नाही दिसली की तेही न सांगताच कळतं. अव्वा, म्हणजे आई, गेल्यापासून शिवकांताचं माहेर म्हणजे एकटा थोरला भाऊ, राजशेखर अण्णा. तेव्हा प्रश्न साडीचा नव्हता. चारचौघांत अण्णाची बहीण म्हणून उभं राहायचं का नाही, हा होता. शिवकांताला ते महेश्वरीपेक्षा जास्त कळत होतं. पण तिला हेही कळत होतं की ही टिकल्यांची गोणी अंगावर चढवली, तर मांडवात जी उभी राहील ती शिवकांता नसेल, दुसरीच कुणीतरी असेल, आणि त्या दुसरीला ती चांगली ओळखत होती. वीस वर्षं तिनं तिला पोसली होती.

"अन् मी नेसून आलीय ती काय वाईट हाय?" तिनं विचारलं.

महेश्वरीनं तिला वरून खाली बघितलं. गडद निळी, जवळजवळ काळीच, सुती इरकल. चार बोटांचा लाल काठ. कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. गळ्यात लिंगाची दोरी आणि मंगळसूत्र, बाकी काही नाही.

"वाईट कशाला? दुकानात बसायला ब्येस हाय. लग्नात दिसायलाव जशा काय युरियाची गाडी उतरवून घ्यायला आलाव."

हा टोमणा होता. शिवकांताला तो मानपत्रासारखा वाटला.

कारण युरियाची गाडी उतरवून घेणं हेच तिचं काम होतं. जळकोटला हमरस्त्याला लागून त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. दुकान गौरीशंकरचं, म्हणजे पाटीवर नाव गौरीशंकरचं. माणूस भला. भला म्हणजे कुणाला नाही म्हणायचा नाही आणि कुणाचं काम करायचा नाही. सकाळी शटर वर केलं, कपाळाला विभूती लावली की तो समोरच्या हॉटेलात देशाचं कसं व्हायचं ते बघायला निघून जाई. गल्ल्यावर शिवकांता.

पहिली कित्येक वर्षं तिनं कपड्यांचा विचारच केला नव्हता. कपाट उघडायचं, हाताला येईल ते नेसायचं. आणि हाताला येई तो आहेर.

आहेराच्या साड्यांबद्दल लोक उगाच गळा काढून बोलतात. ती साडी नसतेच. ती एक फिरती पीडा असते. नेसायला म्हणून ती कुणी घेत नाही, द्यायला म्हणून घेतात. आज हिच्या बारशाला आली, उद्या तिच्या वास्तुशांतीला गेली. घेणारी हसून घेते, कुंकू लावून घेते आणि मनात तिचा पुढचा मुक्काम ठरवते. म्हणून अशा साडीला फॉल-पिको करत नाहीत. फॉल लावला की साडी एका बाईची झाली, मग ती पुढं सरकत नाही. कोरी असली की गावोगाव हिंडते. काही साड्या या जिल्ह्यात इतक्या हिंडल्यात की त्यांना एसटीचा पास द्यायला हरकत नाही. त्यातली एखादी शिवकांताकडं येऊन अडकली, म्हणजे डब्यावर डाग पडला किंवा घडीला कसर लागली, की ती पुढं देता येईना, मग तिला फॉल लावून शिवकांता नेसायची. निवडून नव्हे. उरली म्हणून.

असली उरलेली साडी नेसून बाई गल्ल्यावर बसली, तर ती बाईही उरलेलीच दिसते. बियाणाची पिशवी काढायला वाकली की पदर खांद्यावरून सुळकन खाली. एका हातानं पिशवी, एका हातानं पदर, गिऱ्हाईक छताकडं बघतंय. खताची भुकटी त्या चकचकीत कापडाला अशी चिकटायची की झटकली तर आणखी पसरायची. आणि लातूरहून कंपनीचा माणूस आला की दारातच विचारायचा, "ताई, मालक कुठंयत?" ताई हॉटेलाकडं बोट दाखवायची. वर्षानुवर्षं ती नुसतं बोट दाखवत होती. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाला तरी आकडा असतो, हिच्यावर तोही नव्हता.

मग एक दिवस गोदाम झाडायचं निघालं. शिवकांतानं पापड लाटायला ठेवलेली जुनी, काळपट इरकल नेसली, पदर कमरेला खोचला, बाह्या सारल्या आणि पोती मोजून लावून घेत बसली. नेमका कंपनीचा माणूस आला. दारात थांबला. त्यानं मालक कुठंयत विचारलं नाही. म्हणाला, "बाई, खरिपाला सोयाबीनच्या किती पिशव्या पाठवू?" तिनं आकडा सांगितला. तो लिहून घेऊन, चहासुद्धा न मागता, गेला.

संध्याकाळी हातपाय धुवून ती आरशासमोर उभी राहिली. आरशात सुंदर बाई नव्हती. जिला विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही, अशी बाई होती. शिवकांताला ती आवडली.

त्यानंतर तिनं जे केलं ते बाकीच्यांच्या लेखी खूळ होतं. सोलापूरला जाऊन तिनं दुकानदाराला साड्यांचा ढीग उपसायला लावला आणि एकेकीला नापास करत सुटली. ही घसरते. ही खुळखुळते. ही तुमच्या बायकोला द्या. तिच्या अटी तिनं मनाशी पक्क्या केल्या होत्या: सूत पाहिजे, रंग धूळ पोटात घालणारा पाहिजे, काठ चार बोटांच्या वर नको. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच साड्या तिनं घेतल्या. सगळ्यांना त्याच दिवशी फॉल लावून घेतला, म्हणजे नंतर मन बदलून कुणाच्या ओटीत घालायला नको. पोलकी सगळी एका मापाची. परकराला आतून खिसा, त्यात मोबाइल आणि गल्ल्याची किल्ली. शिंपी म्हणाला, बाई, लग्नाकार्याला तरी एखादं गळ्याचं डिझाइन करू. ती म्हणाली, लग्नाला मी गळा घेऊन जाते, डिझाइन तिथं बाकीच्यांचं असतंच की.

आणि खरोखर तिचा आवाज बदलला. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला लागला. ज्या बापयांनी आजवर तिच्या खांद्यावरून हॉटेलाकडं बघत औषध मागितलं होतं, ते आता समोर उभे राहून 'मालकीणबाई' म्हणायला लागले. उधारीवर डोळा ठेवून आलेला बजरंग नावाचा एक बागायतदार तर तिच्या नुसत्या बघण्यानं रोख देऊन गेला, असं गौरीशंकर हॉटेलात कौतुकानं सांगायचा. सकाळी कपाटासमोर तिला आता क्षणभरही थांबावं लागत नव्हतं. त्या क्षणाच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं.

आत्मविश्वास तिच्या घरी आला तो एकटा आला नाही. पाहुण्याबरोबर त्याचा आगाऊ मेव्हणा यावा, तशी तुच्छता बरोबर आली, आणि पाहुण्यापेक्षा जास्त दिवस राहिली. शिवकांता आता माणसांकडं बघायची ती खालून वर. आधी काठ, मग कापड, मग वेळ उरला तर तोंड. बँकेतली बाई: वर शिफॉन, खाली पायताण, मध्ये अक्कल नाही. तलाठ्याची बायको: नाताळातलं झाड. जाऊबाई: पडद्याचं कापड नेसलेली खिडकी. महेश्वरीची लेक निकिता पुण्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा आत्याचं कपाट बघून हरखली आणि म्हणाली, आत्या, पुण्यात असल्या मोजक्या कपड्यांच्या कपाटाला कॅप्सूल म्हणतात. आत्या म्हणाली, आमच्याकडं कॅप्सूल तापावर देतात, तुला ताप हाय का? पोरगी खट्टू होऊन निघून गेली. कौतुक करणाऱ्यालाही हाकलायचं, अशा थराला शिवकांता आली होती.

कपाटात मात्र अजून आहेर होताच. खालचे दोन्ही कप्पे डब्यांनी गच्च. पारदर्शक झाकणाचे डबे, पुठ्ठ्याचे डबे, नुसत्या पिशव्या. दुसरी कुणी असती तर एकेक करून सारल्या असत्या पुढं, जगरहाटीप्रमाणं. शिवकांताला तेही हलकं वाटलं. जी घाण मला नको ती दुसरीच्या पदरात का टाकू, असं तिचं म्हणणं. म्हणणं तसं चोख होतं. म्हणून गेल्या दिवाळीआधी बोहारीण दारात आली, तेव्हा शिवकांतानं दोन्ही कप्पे हातानं ओढून पडवीत रिकामे केले. सगळं घे म्हणाली, आणि एक मोठं स्टीलचं पिंप दे.

जुन्यापान्यावर भांडी देणाऱ्या त्या बाईनं असलं घबाड जन्मात पाहिलं नसावं. ती एकेक डबा उघडून बघू लागली आणि घाबरली. "ताई, कोऱ्या हायत वो ह्या. घरात इचारलंय का?"

गौरीशंकर नेमका जेवायला आलेला. त्यानंही आपल्या भल्या पद्धतीनं एकदा म्हणून बघितलं, एकदा उघडून बघ तरी शिवकांता, काय हाय त्यात. ती म्हणाली, बघायचं काय, सगळ्यांच्या पोटात एकच माल हाय. नवऱ्यानं वाद घातला नाही. त्याला पोळी हवी होती.

बोहारीण गाठोडं डोक्यावर घेऊन येणेगूरच्या बाजाराच्या वाटेला लागली. पिंपात शेंगदाणे भरले गेले. कपाट असं मोकळं झालं की दार उघडलं तरी आवाज घुमायचा, आणि शिवकांताला तो ऐकायला आवडायचा.

ही अशी बाई आता मुरूमच्या कार्यालयात महेश्वरीसमोर उभी होती. तिला टिकल्या नेसवणं म्हणजे बैलाला झुरमुळ्या बांधण्याइतकं सोपं असेल, असं महेश्वरीला वाटलं होतं. तासाभराचा सवाल आहे, ओवाळून झालं की सोडून फेका, असंही तिनं सांगून पाहिलं. मग रीत सांगितली. मग अव्वाचं नाव घेतलं. अव्वाचं नाव घेतल्यावर शिवकांताची मान जरा हलली, तेवढ्यात महेश्वरी बोलून गेली की साडी भारीतली आहे, दुकानदारानं अगदी खास काढून दिली.

"कशाला खास काढली ते कळतंय," शिवकांता म्हणाली. "त्याच्या दुकानातून एकदाची काढली त्यानं."

महेश्वरीचे डोळे भरले. तिला राग आला की तिचे डोळे भरायचे, आणि शिवकांताला ती सवय टिकल्यांइतकीच नावडती होती. "थांबा. ह्यांनाच पाठवते," असं म्हणून महेश्वरी दार आपटून गेली.

अण्णा येईपर्यंत तिथं त्या साडीच्या सोबतीला कोण बसणार? शिवकांता मागच्या दारानं अंगणात आली. तिथं पत्र्याच्या शेडखाली भल्या मोठ्या तव्यांवर पोळ्या चालल्या होत्या. पाचसहा बाया गोल करून लाटत होत्या, धूर, पीठ, हसणंखिदळणं. शिवकांताची नजर सवयीनं खालून वर गेली आणि एका बाईवर अडकली.

काळपट हिरवी इरकल. हरभऱ्याचा पाला उन्हं उतरताना दिसतो तशी. बारीक, करड्या तांबड्या काठाची. ती बाई उकिडवी बसून लाटत होती, पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ, आणि पिठाचा एक कण त्या साडीवर परका वाटत नव्हता. सोलापूरच्या त्या सगळ्या ढिगात शिवकांताला अशी एकही सापडली नव्हती. आख्ख्या लग्नात नेसलेली म्हणावी अशी ही एकच साडी, आणि ती पोळ्या लाटणारीच्या अंगावर.

तिनं जवळ जाऊन नाव विचारलं. बाईचं नाव कडूबाई. साडी कुठं घेतली विचारल्यावर कडूबाई लाजली. तिला वाटलं चेष्टा चाललीय.

"घेती कुठनं मालकीणबाई. येणेगूरच्या बाजारात, जुन्याच्या ढिगात घावली. पर जुनी न्हाय बरं का. डब्यात हुती. घडी मोडल्याली नव्हती."

"असली साडी जुन्यात टाकली?"

"टाकली की. कुण्या मोठ्या घरची असंल."

"मोठ्या घरची असू दे न्हाय तर छोट्या," शिवकांता म्हणाली. तिच्या तोंडून कुणाच्या साडीबद्दल चांगला शब्द निघायला वर्षं लोटली होती, त्यामुळं तो जरा मोठ्यानं निघाला. "ही टाकणारी बाई आंधळी असंल बघ."

"आंधळी न्हाय तर माजल्याली," कडूबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया लाटणी थांबवून हसल्या. शिवकांताही हसली. तिनं तर वाकून साडीचा खालचा काठ हातात घेऊन उलटून बघितला, कापड जोखणारी माणसं बघतात तसा. आतून काळा फॉल होता.

तिनं मान वर केली तर मागच्या दारात अण्णा उभा होता.

राजशेखरनं खांद्यावरचा शेला सारखा केला. तो कडूबाईकडं बघत होता, म्हणजे तिच्या साडीकडं. बराच वेळ बघत होता. एवढ्या बायांसमोर यजमान माणूस असा बघत राहिलेला बरा दिसत नाही, म्हणून शिवकांताच पुढं झाली. त्यानं एवढंच म्हटलं, "शिवू, आत ये."

आत आल्यावर तिला वाटलं, आता साडी नेसण्यावरून सुरू होणार. तिनं उत्तरं तयार ठेवली. अण्णा गादीच्या कडेला बसला. टिकल्यांच्या साडीकडं त्यानं बघितलंही नाही.

"पंचमीला पाठवलेली साडी कुठंय?"

"कंची?"

"मागल्या पंचमीची. शेंगांच्या पोळ्यांबरोबर पाठवली ती."

शिवकांताला पोळ्या आठवल्या. साडी आठवेना. पिशवी आठवत होती, कुठल्याशा दुकानाची, खाकी कागदात गुंडाळलेला डबा. तो तिनं कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारला होता, बाकीच्यांत. पंचमीला माहेरची साडी येते, ती महेश्वरी पाठवते, महेश्वरीकडं कुणाकडून तरी आलेली असते. त्यात बघायचं काय होतं?

"हाय की घरी," ती म्हणाली.

"फॉल काळा हाय तिचा," अण्णा म्हणाला. "हिरवा मिळाला न्हाय मुरमात. शिंपी म्हणला काळा चालतो. म्या म्हणलं दिसणार न्हाय ना बाहेरून, मग लाव."

शिवकांताला मघाशी उलटून बघितलेला काठ आठवला.

मग अण्णानं, जसं एखाद्या तिऱ्हाइताला सांगावं, तसं सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तो नळदुर्गला निघाला होता. जळकोटला एसटी थांबली तेव्हा खिडकीतून त्याला ती दिसली. दारात उभी राहून गाडी उतरवून घेत होती, काळपट साडीत, हात कमरेवर. दोन बापय माणसं तिच्यासमोर मान खाली घालून उभी. त्याला उतरावंसं वाटलं, पण एवढ्या कामात कशाला म्हणून उतरला नाही. पुढं सोलापूरला गेला तेव्हा तसलीच एक शोधली. बायकांच्या दुकानात जन्मात पहिल्यांदा गेला. दुकानदारानं विचारलं कुणासाठी, रंग गोरा का सावळा, वय काय. त्यानं सांगितलं, खताचं दुकान चालवती. महेश्वरीनं घरी बघून नाक मुरडलं, म्हणाली असली म्हातारीची साडी सणाला पाठवतात का. तिचं न ऐकता त्यानं फॉल लावून आणला. कोरी पाठवली असती तर बहिणीला वाटलं असतं, पुढं द्यायचीय.

"फोन केला व्हता तुला. म्हणलीस, पावली अण्णा, छान हाय."

ती म्हणाली होती. पंचमीला बायका असंच म्हणतात. राम राम म्हणावं तसं.

"दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर म्या धरलं नसतं," अण्णा म्हणाला. "तू तोंडावर बोलतीस. वाईट असंल तर वाईट म्हणतीस. म्हणून वाटलं, आवडली."

बाहेर वाजंत्री सुरू झाली. निकिता दारातून डोकावली, बाबा, लग्न लावायला स्वामी आलेत, आत्याला ओवाळायला बोलावलंय, असं म्हणाली आणि दोघांची तोंडं बघून तशीच मागं फिरली.

शिवकांताला बोलायचं सुचत नाही असं कधी झालं नव्हतं. आताही झालं नाही. तिनं सांगितलं की मला काय माहीत, त्या ढिगात वैनींच्याच साड्या असतात, वैनी कसल्या पाठवतात ते तू पण बघतोस. तू पाठवलीस हे कुणी सांगितलं का? चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिनं हेही सांगितलं की आत्ता अंगणात बघितली तेव्हा मीच तिला नावाजलं, हे तू ऐकलंस. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती आपली बाजू गिऱ्हाइकाला बियाणाची हमी द्यावी तशी मांडतेय, आणि समोरचा विकत घेत नाहीये.

मग तिनं गादीवरची साडी उचलली. टिकल्या हाताला टोचल्या. घडी उलगडत ती म्हणाली, "बरं, नेसते मी ही. दोन मिनिटं दार लाव. नेसूनच येते मांडवात."

हे शब्द उच्चारायला तिला किती जड गेलं, ते तिचं तिला माहीत. गल्ल्यावरची ती गडद, ताठ बाई तिनं स्वतःहून खाली उतरवली होती. अण्णाला ते कळेल असं तिला वाटलं.

राजशेखरनं साडी तिच्या हातातून घेतली. ओढून नाही, हळूच. तिची घडी पुन्हा घालू लागला. पुरुषाला घालता येते तशी, वाकडी.

"नको," तो म्हणाला. "तुझी हाय ती चांगली दिसती तुला. तीच राहू दे. ओवाळ जा तशीच. महेश्वरीला म्या सांगतो."

शिवकांताला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

"अन् हितनं पुढं ह्या साड्यांचा तरास न्हाय तुला. पंचमीला न्हाय, दिवाळीला न्हाय. कार्यात बी न्हाय. आहेर बंद."

तो हे रागानं म्हणाला नाही. दुकानातला एखादा माल खपत नाही, पुढच्या हंगामापासून ठेवायचा नाही, असं ठरवल्यासारखं म्हणाला. आणि शिवकांता काही दुधखुळी नव्हती. ज्या बाईला भावाकडून आहेर होत नाही, तिला त्या घरात काय म्हणतात, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला पाहुणी म्हणतात. पत्रिका येते, जेवण मिळतं.

"अण्णा, पंचमीला साडी नको पाठवू," ती म्हणाली. आवाज दुकानातला निघेना. "पर मी येऊ ना? पंचमीला म्या यायचं ना हिकडं?"

राजशेखरनं साडी डब्यात घातली. डब्याचं झाकण नीट बसेना, ते त्यानं तळहातानं दाबलं. डबा काखेत मारला, शेला खांद्यावर टाकला, दार उघडलं आणि वाजंत्रीच्या दिशेनं मांडवाकडं निघून गेला.